मामांनी एक शब्दही काढला नाही

दवंडीमामांच्या दुकानात नुसते केस कापायला येणारे थोडे. बहुतेक जण बातमी ऐकायला येत आणि आलोच आहोत तर डोकंही उरकून घेत. उताराच्या रस्त्यावर मधोमध ते दुकान. दोन खुर्च्या, त्यातल्या एकीची पाय टेकायची फळी तुटलेली, म्हणून तिच्यावर बुटक्यांना बसवायचं असा मामांचा नियम. समोरासमोर दोन आरसे, आणि भिंतीला लागून एक बाक, ज्याच्यावर केस कापून झालेली माणसंसुद्धा तासतासभर बसून राहत. कुणाच्या मुलीचं कुठं जमलं, कुणाची बदली थांबली, पोस्टमास्तरांनी नवे दात कुठून बसवून घेतले, हे सगळं त्या बाकावर आधी कळायचं आणि मग ज्याच्या घरात घडलं त्याला कळायचं. मामांना दवंडी हे नाव पडलं ते काही उगीच नाही.

दुकानापासून चार दारं खाली मामांच्या साडूंची बेकरी. मामांची बायको थोरली, साडूंची बायको धाकटी. दोघी सख्ख्या बहिणी. साडूंना सगळे भट्टीवाले म्हणत. मामा बातम्या सांगत, भट्टीवाले थापा मारत. फरक एवढाच, की मामांचं सगळं खरं निघायचं आणि भट्टीवाल्यांच्या दहा गोष्टींत एखादी खरी असायची, ती कुठली हे त्यांचं त्यांनाही माहीत नसायचं. सकाळी पाव घ्यायला गेलेलं माणूस हसत हसत बाहेर पडायचं. पाव कधी करपलेला असला तरी कुणी परत करत नसे, कारण त्या करपण्यावरही साडूंकडे गोष्ट तयार असायची.

टेकडीपलीकडे सिमेंटचा जुना बंद कारखाना होता. एका वर्षी त्याला काटेरी तारांचं कुंपण पडलं, फाटकावर शिपाई आले आणि पाटी लागली: ‘दुरुस्तीचे काम चालू आहे.’ दुरुस्ती कसली, ते कुणाला सांगायला नको होतं. कारखाना दुरुस्त करायला हेलिकॉप्टर कशाला लागतं? पण सरकार म्हणालं दुरुस्ती, म्हणून लोकही म्हणाले दुरुस्ती. भट्टीवाल्यांना फाटकावर पावाचे ट्रे पोचवायचं काम मिळालं. आत पाऊल टाकायला बंदी. तरी आठवडाभरात ते बेकरीत सांगायला लागले, “आज जनरलसाहेबांबरोबर न्याहारी केली. म्हणाले, भट्टीवाले, तुमच्या पावाशिवाय आमची तोफ उडत नाही.”

असाच एकदा साध्या कपड्यांतला एक माणूस मामांच्या खुर्चीवर येऊन बसला. दाढी करून घेतली, केस कापून घेतले आणि बाकावरचा शेवटचा माणूस उठेपर्यंत आरशात बघत राहिला. मग म्हणाला, “हात चांगला आहे तुमचा. पण बोलता फार.”

“धंद्याचाच भाग आहे तो, साहेब. कात्री चालते तोवर जीभही चालवावी लागते. नाहीतर गिऱ्हाईक झोपतं आणि कान कापला जातो.”

तो होता टेकडीपलीकडच्या छावणीतला कॅप्टन. आपल्या सैन्याला शिकवायला परदेशातले साठेक सैनिक आले होते. ते आपल्याच सैन्याचे कपडे घालायचे, छातीवर नावाची पट्टी नसायची, आणि कागदोपत्री ते या देशात नव्हतेच. छावणीतला न्हावी मेंढ्या भादरल्यासारखे केस कापतो, अशी त्यांची तक्रार. तेव्हा मामांनी दर मंगळवारी आणि शुक्रवारी यायचं, गाडी न्यायला येईल. पण आत जे दिसेल, ऐकू येईल, ते बायकोलासुद्धा सांगायचं नाही. तसं लिहून द्यायचं, सही करायची. मोडलं तर तुरुंग.

मामांनी सही केली. भीतीपोटी नव्हे, हावेपोटी. अख्ख्या गावाला जे माहीत नाही ते आपल्याला माहीत असणार! पण जन्मातली सर्वांत मोठी बातमी हाती येणार आणि ती पोटातच ठेवावी लागणार, हे त्यांच्या लक्षात आलं ते पहिल्या मंगळवारी परत आल्यावर. त्या दिवशी मामांना जेवण गेलं नाही.

“पोट दुखतंय का?” थोरलीनं विचारलं.

“नाही.”

“मग गेला होतात कुठं? पडदे लावलेल्या गाडीतून उतरलात म्हणे. समोरचीनं पाहिलं.”

“सरकारी काम होतं.”

“सरकारला केस कधीपासून आले?”

एरवी या वाक्यावर मामांनी चार वाक्यं फेकली असती. त्या दिवशी ते पाणी पिऊन आडवे झाले. थोरलीला दोन महिने संशय होता, की गाडीच्या दुसऱ्या टोकाला कुणी बाई आहे. नंतर तिनं मनाशी हिशेब केला, की यांच्यासारख्या अखंड बडबड्याला कुठली बाई दोन महिने ठेवून घेणार! मग तिनं विचारणं सोडलं.

छावणीच्या आत लांबच लांब पत्र्याची खोली, एक स्टूल आणि एक खिडकी, तिला बाहेरून फळी ठोकलेली. परदेशी सैनिक एकेक करून यायचे, आणि भाषा येत नसल्यामुळे बोलायचा प्रश्नच नव्हता. भांडण झालं ते मानेवरून. आपल्याकडे केस कापून झाले की मानेवर वस्तऱ्यानं सरळ रेघ मारतात. मामांची रेघ तर अशी, की शेजारचा सुतार म्हणायचा, माझी पट्टी वाकडी असेल, मामांची रेघ नाही. पण पहिल्याच सैनिकानं मानेवर हात फिरवला आणि जोरजोरानं नकाराची मान हलवली. त्यांना रेघ नकोच होती. वरून खाली केस बारीक बारीक होत जायला हवेत आणि कातडीत विरून जायला हवेत. कुठं संपले ते कळता कामा नये. एका थोराड हवालदारानं मामांच्या हातावर हात ठेवून दोनदा करून दाखवलं. तीन महिने मामांचा हात चुकत राहिला. मग एका शुक्रवारी तो जमला आणि हवालदारानं मामांच्या पाठीवर अशी थाप मारली, की मामा स्टुलावर आपटले. सगळी खोली हसली. मामाही हसले. घरी येऊन हा प्रसंग कुणाला सांगता आला नाही, याचं दुःख त्यांना तुरुंगापेक्षा मोठं वाटलं.

जीभ मामांनी दातांखाली धरली होती. हाताला मात्र कुणी सही करायला लावलं नव्हतं.

कारागिराच्या हाताला नवी खुबी सापडली की तो ती सोडत नाही. पोस्टमास्तरांच्या मानेवर वस्तरा टेकवण्याऐवजी मामांचा कंगवा वर सरकला, कात्री त्याच्यामागे गेली आणि रेघ काही पडलीच नाही. पोस्टमास्तर म्हणाले, “मानेला हवा लागतेय, बरं वाटतंय.” मग खाटीक, मग शाळेतले दोन मास्तर, मग सुतार. वर्षभरात उताराच्या रस्त्यावरच्या निम्म्या माना बिनरेघेच्या झाल्या. मामांच्या ते ध्यानातही आलं नाही, गावाच्याही नाही. स्वतःची मान कोण बघतो?

बघितली एका वार्ताहरानं. नव्या पुलाच्या उद्घाटनाची बातमी घ्यायला तो राजधानीहून आला होता. कार्यक्रमाला वेळ होता, म्हणून मामांच्या खुर्चीवर बसला. मामा त्याला पुलाच्या ठेकेदाराची कुळकथा सांगत होते. केस कापून झाले, मागे आरसा धरला, तेव्हा वार्ताहरानं मानेवरून बोटं फिरवली आणि विचारलं, “हे कुठं शिकलात?”

“शिकायचं काय त्यात?”

“तसं नाही. हा हात इथला नाही. मी तीन वर्षं परदेशात होतो, तिथल्या लष्करी छावणीबाहेरचा न्हावी अस्सं कापायचा. शिकवलं कुणी तुम्हाला?”

मामांच्या हातातला आरसा तसाच राहिला. तोंडातून काही निघालं नाही. बाकावरच्या तिघांनी मान वर केली, कारण त्या दुकानात मामा गप्प बसले असं कधी घडलंच नव्हतं. वार्ताहर हसला आणि बाहेर पडला. मामांनी पाहिलं, तो बसथांब्यावर जाऊन बसला आणि जाणाऱ्या-येणाऱ्यांच्या माना न्याहाळत राहिला, मग उठून टेकडीच्या वाटेला लागला.

नवव्या दिवशी राजधानीच्या पेपरात पहिल्या पानावर आलं: टेकडीमागच्या कारखान्यात परदेशी सैनिक आहेत, वर्षभरापासून आहेत, गावात काहींना ठाऊक आहे. ‘विश्वसनीय सूत्रांकडून’ एवढंच खाली. मानेचा उल्लेख नाही. सभागृहात गदारोळ झाला. मंत्री म्हणाले, आमच्या भूमीवर एकही परदेशी सैनिक नाही. आणि त्याच आठवड्यात, नसलेले सैनिक गाड्यांतून हलवले गेले.

मग कॅप्टननं मामांना बोलावलं. त्याच पत्र्याच्या खोलीत. स्टुलावर आता मामा होते.

“कुणाशी बोललात?”

“साहेब, एक शब्दही काढला नाही. बायकोशीसुद्धा नाही.”

हे शंभर टक्के खरं होतं, आणि खोटं बोलण्यापेक्षा वाईट होतं. कॅप्टननं मामांकडे बराच वेळ पाहिलं आणि त्याला ते पटलं. कपाळावरची आठी मोकळी झाली. “मग कोण? पाव पोचवतो तो तुमचा साडू ना? काय बोलत असतो म्हणे जनरलसाहेबांबद्दल?”

आपण सुटलो, हे मामांना कळलं. सुटलेल्या माणसाची जीभ सैल होते. त्यात वर्षभराची दाबून ठेवलेली जीभ. मामा हसले आणि सवयीनं बोलून गेले, “त्याच्या तोंडाला कुठलं आलंय दार, साहेब! भट्टीला तरी झाकण असतं.”

कॅप्टन हसला नाही. त्यानं ते लिहून घेतलं.

दुसऱ्या दिवशी भट्टीवाले ट्रे घेऊन फाटकावर गेले ते परतलेच नाहीत. धाकटी पोलीस चौकीत गेली. “माझ्या नवऱ्याला कशासाठी नेलंय?” “नेलंच नाही.” “मग कुठं आहेत?” “आम्हाला काय माहीत? नवरा तुमचा.” जिथं काही गुपितच नाही, तिथं ते फोडल्याबद्दल माणूस तरी कसा पकडणार? धाकटी चौकीवरून सरळ मामांच्या दुकानी आली आणि पायरीवर बसून रडली. “भाऊजी, तुम्हाला गावातलं सगळं कळतं. काहीतरी कळलं असेल. सांगा ना.” मामांनी तिला पाणी दिलं.

असे अकरा दिवस गेले. रोज सकाळी दुकान उघडताना मामा ठरवत, आज जायचं आणि सांगायचं, की साहेब, बोललो नाही पण फुटलं माझ्याच हातून. सहाव्या दिवशी ते खरंच फाटकापर्यंत गेले. शिपाई म्हणाला, कॅप्टनसाहेब नाहीत, उद्या या. मामा मागे वळले आणि त्यांना हायसं वाटलं. पुढच्या सगळ्या आयुष्यात मामांना कशाची लाज वाटली असेल, तर त्या हायसं वाटण्याची. दुसऱ्या दिवशी काही ते गेले नाहीत. मात्र त्याच दिवसापासून दुकानातल्या प्रत्येक मानेवर पुन्हा वस्तऱ्यानं रेघ पडू लागली.

बाराव्या दिवशी भट्टीवाले चालत परत आले. मारलं-बिरलं नव्हतं. नुसतं विचारलं होतं: कुणाला सांगितलं, कधी सांगितलं, आठव. मामा भेटायला गेले तेव्हा ते गार भट्टीसमोर पीठ चाळत बसले होते.

“साडूभाऊ,” ते म्हणाले, “मला आठवतच नाही हो. इतक्या लोकांना इतकं काय काय सांगितलंय. त्यातलं एखादं खरं निघालं असणार. ते म्हणाले, तुमच्या घरचंच माणूस सांगतंय की तुमच्या तोंडाला दार नाही.”

“घरचं?” मामांनी विचारलं.

“धाकटीच म्हणाली असेल कुठं तरी. रोजच म्हणते ती. तिचा काय दोष? तोंड माझं. माझ्याच तोंडानं घात केला. एवढे सैनिक इथून गेले, सरकारची नाचक्की झाली, सगळं माझ्या थापांपायी.”

आता. हीच वेळ होती. एक वाक्य पुरेसं होतं, आणि आयुष्यभर वाक्यांवर जगलेल्या माणसाला ते सापडलं नाही. सही केली होती, हे कारण होतं. पण सही मोडायची म्हणजे आधी ते झाकणाचं वाक्य सांगावं लागणार होतं, हे खरं कारण. “जाऊ द्या, होतं असं,” एवढं मामा म्हणाले.

भट्टीवाल्यांच्या गोष्टी त्या दिवसापासून बंद झाल्या. छावणीचा पाव दुसरीकडून येऊ लागला. बेकरी चालू राहिली, पण तिथं आता पाव मिळायचा, बस. “किती?” एवढंच ते विचारत. कुणी मुद्दाम खोड काढली, “काय भट्टीवाले, जनरल काय म्हणतो?” तर ते गिऱ्हाइकाच्या खांद्यावरून बाहेर बघत आणि म्हणत, “पुढचं कोण?” धाकटी थोरलीला सांगायची, “घरातही तसंच गं. बोलण्याआधी ओठ हलवून बघतात, आणि मग बोलतच नाहीत.” थोरली ते घरी येऊन मामांना सांगायची. मामा ऐकायचे.

एकोणीस वर्षं गेली. मामा साठीला आले, कंगवा धरताना अंगठा दुखायला लागला. आणि एके दिवशी सरकारनं स्वतःच दवंडी पिटली. दोन देशांची मैत्री म्हणे, तिला वीस वर्षं झाली. नगर सभागृहात दोन झेंडे लागले, बँड वाजला, गोरेगोमटे अधिकारी पट्टीवर नाव लावून उघड आले. भिंतीवर छावणीचे फोटो मांडले. त्यातल्या एकात पत्र्याची खोली, स्टुलावर तो थोराड हवालदार आणि त्याच्यामागे कात्री घेतलेले मामा. खाली लिहिलं होतं, ‘स्थानिक केशकर्तनकार’. कुणी तरी मामांच्या हाती एक पत्र दिलं: तेव्हाच्या कामाबद्दल आभार, आणि तेव्हाच्या अटी यापुढे लागू नाहीत.

गाव मामांवर तुटून पडलं. “अहो, म्हणजे तुम्ही आत होतात? आणि बोलला नाहीत? तुम्ही?” मामांच्या थोरवीपेक्षा लोकांना त्यांच्या गप्प राहण्याचंच नवल अधिक. मामांनी पत्राची घडी खिशात घातली आणि गर्दीतून वाट काढत सरळ उतार उतरून बेकरीत गेले.

दुपारची वेळ, गिऱ्हाईक नव्हतं. भट्टीवाले काउंटरमागे होते. मामांनी सगळं सांगितलं. मान, वार्ताहर, पत्र्याची खोली. झाकणाचं वाक्यही शब्दन् शब्द तसंच सांगितलं. भट्टीवाले काउंटरवरचं पीठ बोटानं गोळा करत ऐकत होते.

“म्हणजे मी बोललोच नव्हतो,” ते शेवटी म्हणाले.

“नाही. तुमचा काही संबंध नव्हता.”

“एकोणीस वर्षं आठवत होतो, कुणाला सांगितलं.” मग त्यांनी वर पाहिलं. “आज का सांगताय, साडूभाऊ?”

मामांनी खिशातलं पत्र काढलं. “परवानगी आली.”

“हं. आणि आली नसती तर?”

मामांनी पत्राची पुन्हा घडी घातली. धाकटी आतून ट्रे घेऊन दारात आली होती. तिनं सगळं ऐकलं होतं. रागावली नाही, आवाज चढवला नाही. “भाऊजी,” ती म्हणाली, “मी तुमच्या पायरीवर येऊन रडले होते. तुम्ही मला पाणी दिलंत.” ट्रे खाली ठेवून ती आत गेली.

आठ-पंधरा दिवसांत गावाला चमत्कार दिसला. भट्टीवाले बोलू लागले. आधी एखादं वाक्य, मग दोन, मग धबधबाच. अकरा दिवसांच्या कैदेची गोष्ट त्यांनी अशी फुलवली, की रोज तिला नवी फांदी. कधी शिपायाला त्यांनी खारी करायला शिकवली, कधी कॅप्टन त्यांच्या गळ्यात पडून रडला, कधी चौकशी चालू असताना त्यांनी उलट विचारलं, “साहेब, आधी तुम्ही सांगा, आपण आहोत कुठं? कारण सरकार म्हणतं ही जागाच नाही!” माणसं पोट धरधरून हसत. पाव संपला तरी कुणी हलत नसे. करपलेलासुद्धा खपायला लागला.

मामांना हे लोकांकडून कळायचं. ते स्वतः आत गेले की गोष्ट थांबायची. भट्टीवाले वळून अदबीनं विचारायचे, “किती देऊ?” आणि कागदात बांधून द्यायचे. भांडण नाही, अबोला नाही. दोघी बहिणी पूर्वीसारख्याच एकमेकींकडे जात-येत. नुसती ती गोष्ट मामांसमोर चालत नसे.

म्हणून मामा सकाळी दुकान उघडण्याआधी बेकरीच्या बाजूच्या बोळात जाऊन उभे राहतात. तिथं भट्टीची खिडकी आहे, आतलं सगळं ऐकू येतं. पाठ ऊबदार भिंतीला टेकवतात आणि ऐकतात. हसू आलं तर तोंडावर हात धरतात.

परवा आत कुणीसं विचारलं, “ते सगळं ठीक आहे हो, भट्टीवाले. पण तुमचं नाव घेतलं कुणी? घरचंच माणूस होतं म्हणे?”

मामांनी भिंतीवरून पाठ काढली. वाटलं, आता नाव येणार. यावंच, असंही वाटलं. सगळ्या गावासमोर एकदा येऊन जावं.

“ते नाही सांगायचं,” भट्टीवाले म्हणाले. “हं, पुढचं ऐका. नवव्या दिवशी काय झालं...”

आत हशा सुरू झाला. मामा उतार चढून दुकान उघडायला गेले.